माशांचा ट्रेंड चांगला आहे

३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
आजपासून रेकॉर्ड. मधपेटी गच्चीवर बसली. पोळ्याच्या पाच फ्रेम माशांनी गच्च. कळंब्याची हवा मानवलेली दिसते.
फौंड्रीनं माणसं कमी केली, त्यात मी गेलो. पण क्वालिटी इन्स्पेक्टरची नजर कुठे जाते? फौंड्रीत बोर्डच होता : मोजाल तर सुधाराल.
बायको वर्षाराणी म्हणाली, पाडव्यापर्यंत बघते. मध निघाला तर बरं, न्हायतर हुपरीला माझ्या भावाकडं कामाला लागायचं. मेहुणा सम्राट, चांदीचा कारखाना. पैंजण पुसायचे! त्याच्या लग्नात फेटा बांधून मिरवलेला माणूस मी.

६ फेब्रुवारी
पेटी रोज दोनदा उघडतो. प्रत्येक फ्रेम बाहेर, दोन्ही बाजूंचा फोटो. मधमाशीपालनाच्या ट्रेनिंगमध्ये सर म्हणाले होते, ही माशी लाजरी, सारखं उघडू नका, वैतागली तर घर सोडते. सरांकडे ग्राफ नव्हता. आज डंख अकरा. माशांत जोम आहे.

१२ फेब्रुवारी
राणीमाशी पटकन ओळखता यावी म्हणून पाठीवर खूण केली. वर्षाराणीचं नेलपॉलिश. जरा जास्त लागलं. राणी पूर्ण लाल. पण उठून दिसते.

१५ फेब्रुवारी
राणी दिसली नाही. आत कुठेतरी असणार.

२० फेब्रुवारी
साडेतीन फ्रेम. बाकीच्या फुलांवर गेल्या असतील. म्हणजे हजेरीची वेळच चुकीची. आजपासून दुपारीही उघडणार.

१ मार्च
डंख फक्त दोन! माशा मला ओळखायला लागल्या. ग्राफ काढून फ्रिजवर लावला. वर्षाराणीनं विचारलं, मध कुठाय? म्हटलं, आधी विश्वास बसतो, मग मध येतो. म्हणाली, व्हय की, मग उद्या चपातीला विश्वासच लावून खावा.

८ मार्च
डंख शून्य. तोंडावर जाळी न घालता हात घातला, कोणी ढुंकून बघितलं नाही. माशा दोन ओंजळी असतील. फ्रेम मोजणं बंद. आकडा महत्त्वाचा नाही, स्वभाव महत्त्वाचा.
पेटीच्या तळाला लाल, वाळलेलं काहीतरी सापडलं. राणी नसावी. राणी यापेक्षा मोठी होती.

१६ मार्च
जेवण जात नाही. पेटीला कान लावून बसलो. गुणगुण ऐकू आली, अंगावर काटा आला. खाली वर्षाराणीचा मिक्सर होता.
सम्राटचा फोन. दाजी, कसं काय चाललंय? म्हटलं, ट्रेंड चांगला आहे.

२२ मार्च
हात जोडले. म्हटलं, बायांनो, पाडव्यापर्यंत दिवस काढा कसेतरी, मग कुठं जायचं तिथं जा. साखरेचा पाक ठेवला. मुंग्या आल्या. संख्या भरपूर, शिस्तही उत्तम. मुंग्यांचं वेगळं रेकॉर्ड ठेवावं का?

२८ मार्च
उरलेल्या माशा सकाळी पेटीच्या तोंडाशी जमल्या आणि एकदम उठल्या. मी ताट बडवत गच्चीभर धावलो. पाण्याच्या टाकीवर चढलो. शेजारचे उदयसिंह काका खालून ओरडले, "उतर की लेका, पडून मरशील!" माशा पलीकडच्या उसाकडे गेल्या. मागे वळून एकीनंही बघितलं नाही.
वर्षाराणी वर आली. म्हणाली, "दिसातनं तीन-तीनदा कुणी माझ्या घराचं छप्पर उचलून आत डोकावलं असतं, तर मी पयल्याच आठवड्यात म्हायेर गाठलं असतं."
म्हटलं, आधी का नाही बोललीस?
"बोलत हुते की. तुमच्या वहीत माझा रकाना कुठं हाय?"
मला एकदम रडू फुटलं. पाइपावर बसून रडलो. तिनं समजूत काढली नाही. पण खालीही गेली नाही.

३० मार्च. पाडवा
गुढी उभारली. श्रीखंड झालं. विषय कोणीच काढला नाही.

३१ मार्च. हुपरी
मनाची तयारी करून आलो होतो. पुसेन, म्हटलं, पुसण्यातही सुधारणेला वाव असतो. सम्राट म्हणाला, "दाजी, ताईचा फोन आलता. तुमच्या हातात काय दिऊ नगं म्हणाली."
दाराशी खुर्ची दिली. गिऱ्हाईक आलं की आत हाक मारायची.
कोणी आलं नाही.