सुनीलकुमारने गोल राखावा की सोडावा, याबद्दल मामाचे म्हणणे

करजगी, ता. अफझलपूर
कार्तिक शुद्ध द्वादशी, २०११

चि. सुनीलकुमार यास तुळजाराममामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे माझा डावा गुडघा आणि तुझ्या मामीचा स्वभाव सोडला तर सगळे ठीक आहे. तूर फुलावर आली आहे, म्हशी दुधाला आहेत आणि बिरोबाच्या कृपेने घरातल्या सगळ्यांना वेळेवर भूक लागते. तुमच्या कॅनडात बर्फ पडायला लागला असेल. घोंगडी अंगावर घेत जा. (मागच्या खेपेला दिलेली घोंगडी तुम्ही दिवाणखान्यात भिंतीवर टांगली आहे असे कळले. भिंतीला थंडी वाजत नाही.) तुझी तब्येत, तुझी भूक आणि मुख्य म्हणजे तुझ्या हाताची बोटे कशी आहेत ते कळव. तुला मराठी कानाने कळते, डोळ्याने कळत नाही, म्हणून हे पत्र तुझी आई तुला वाचून दाखवील. जगदेवी, थोरला भाऊ म्हणून सांगतो, जसे लिहिले तसेच वाच. मधली वाक्ये गिळू नकोस. तू गिळतेस आणि ते पोराला कळते, असे त्यानेच मला फोनवर सांगितले आहे.

पत्राचे कारण तुला ठाऊक आहे, तरी रीत म्हणून लिहितो. दिवाळीत तुझ्या आईचा फोन आला. मला वाटले भाऊबीजेचा असेल, म्हणून मी आधीच मोठ्याने हसून घेतले. पण पलीकडे रडणे चालू होते. “अण्णा, तू पोराला सांग. त्यो बाकावर बसूनच म्हातारा व्हायलाय. आता क्लबवाले आणखी एक वरीस राहा म्हणायलेत, तेबी दुसरा गोलकीपर म्हणून. त्याच्या बापानं हापिसात नोकरी बघून ठेवलीय. महिनाअखेरीला त्यानं क्लबच्या कागदावर सही केली तर नोकरी गेली. तुझ्या मांडीवर जावळ काढलंय, तुझं तर ऐकंल.” आता हे खरे आहे की आपल्यात ज्या मामाच्या मांडीवर जावळ निघते, त्याचा शब्द भाच्याने लग्न होईपर्यंत मोडायचा नसतो. तुला दोन वर्षांचा असताना इकडे आणले होते. बिरोबाच्या देवळापुढे तू माझी मांडी भिजवलीस (वाच, जगदेवी), न्हाव्याला चावलास आणि त्याचा वस्तरा हवेतच धरायला गेलास. तेव्हाच आम्ही ओळखायला हवे होते. असो. मी तुझ्या आईला शब्द दिला की पोराला सोड म्हणून सांगतो.

शब्द दिला आणि पंचाईत झाली. ज्या कामातले मला ओ की ठो कळत नाही, ते सोड असे सांगायचे कोणत्या तोंडाने? दात बघितल्याशिवाय बैलालासुद्धा आपण नावे ठेवत नाही. तुझ्या कामाशी आमचा तोवरचा संबंध म्हणजे तुझ्या मामीने, रेणुकाबाईने केलेला नवस, आणि त्याने काय घोटाळा केला तो तुला अजून कुणी सांगितलेला नाही. पहिल्या गोलकीपरचे बोट मोडले आणि वर्षातला शेवटचा सामना तुला मिळाला, हे कळल्याबरोबर रेणुकाबाई शेजारच्या चंद्रभागाबाईंना घेऊन गाणगापूरला गेली. पादुकांपुढे डोके टेकून तिने काय मागावे? तू जिंकावास असे नाही. “महाराज, दोन्हीकडं एकबी गोल होऊ देऊ नका, पाच घरी माधुकरी मागंन.” चंद्रभागाबाईंनी तिथल्या तिथे कोपराने ढोसले, दोन्हीकडं कामून म्हणून. तर म्हणाली, “पलीकडचा बी कुणाच्या तर पोटचाच हाय की. त्याच्या आईनं काय करावं?”

दत्तमहाराजांनी ऐकले. शून्य-शून्य. नंतर कळले की तुमच्या क्लबाला पुढे जायला जिंकणेच भाग होते, बरोबरीने तुम्ही घरी गेलात. चंद्रभागाबाईंचे यजमान राघोबा (तुरीचा भाव आणि दुसऱ्याच्या चुका, दोन्ही त्यांना आधी कळतात) ओसरीवर येऊन म्हणाले, “अक्का, नवस अर्धाच बोलायचा होता.” तुझी मामी म्हणाली, “अर्ध्या लेकरासाठी नवस बोलतेत व्हय?” आणि दुसऱ्या दिवशी झोळी घेऊन गाणगापुरात पाच घरी ताठ मानेने माधुकरी मागून आली. त्या सामन्यात तू पेनल्टी अडवलीस म्हणे. ती तू अडवलीस की महाराजांनी, यावर आमच्या घरात अजून भांडण आहे. महाराजांनी अडवली असेल तर पोराचे मनगट का सुजले, या माझ्या प्रश्नाला तिने त्या दिवशी भाजीत मीठ न घालून उत्तर दिले.

तर तुझे काम डोळ्याने बघायचे असे ठरवून मी, रेणुकाबाई आणि राघोबा अफझलपूरला हरिओमच्या नेट कॅफेत गेलो. त्याने कुठून तरी तुमचा उन्हाळ्यातला एक सामना काढला, ज्यात तू मधेच आत आला होतास. आम्ही तिघे एका बाकावर, आणि मागे परीक्षेचे निकाल बघायला आलेली गर्दी. बराच वेळ तू दिसलाच नाहीस. सगळे दुसरेच पळत होते. राघोबांना शंका आली, “ह्यो कामावर तर गेलाय का? मस्टरला नाव लागलंय का बघा.” शेवटी तू दिसलास. हिरवा सदरा, हात पसरलेले, डिट्टो माझ्या अप्पांसारखा. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तेवढ्यात चेंडू तुझ्या अंगावरून आत गेला. मग त्यांनी तेच परत दाखवले. मग हळू करून दाखवले. मग मागच्या बाजूने दाखवले. तुझी मामी उठली आणि हरिओमवर धावून गेली, “एकदा झालं न्हाई का? सारखं सारखं कामून दाखवायलास? तुला आईबाप न्हाईत का?” ते पोरगे शपथा घेऊन सांगत होते की हे मी करत नाही, कॅनडावाले करतात. तिने ऐकले नाही. आता हरिओम आम्हाला दारात बघितले की वीज गेली म्हणतो.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. तू दिसलास की समजायचे, काहीतरी वाईट झाले. चांगले चाललेले असते तेव्हा तू कुणालाच दिसत नाहीस. आपल्याकडे ज्वारीच्या राखणीचे असेच असते. पाखरांनी कणीस खाल्ले की राखणदाराला शिव्या, नाही खाल्ले तर ‘औंदा पीक चांगलं आलं.’ असे काम माणूस हौसेने का करत असेल, ते मला कळेना. आणि कळल्याशिवाय पत्र लिहायचे नाही, असे मी ठरवले. (तुझी मामी याला हेकटपणा म्हणते. आपल्या घराण्यात हा पुरुषांकडून येतो, असेही म्हणते.)

म्हणून मी स्वतः गोलात उभा राहिलो.

हसू नकोस. जगदेवी, तूही हसू नकोस, वाच. आपल्या हायस्कूलचे ड्रिलमास्तर नागनाथ सर मुलामुलींना फुटबॉल शिकवतात. मैदानाला गोल एकच आहे, कारण दुसऱ्याच्या खांबाला हावगेप्पाची म्हैस बांधलेली असते आणि तिला उठवायची सरांची छाती नाही. जाळी नाही. मागे थेट हावगेप्पाची तूर. मी धोतराचा काचा मारला, मुंडासे खाली ठेवले आणि खांबांच्या मधे उभा राहिलो. खरे सांगू, मनात धास्ती नव्हती. जन्म मेंढरांत गेला. मेंढवाड्याच्या तोंडाशी उभे राहून अख्खा कळप मी अडवलेला आहे. मेंढरू डावीकडे बघते आणि उजवीकडून निसटते, म्हणून त्याच्या डोळ्याकडे न बघता खांद्याकडे बघायचे, हे अप्पांनी मला शिकवले होते. हेच शास्त्र मी नागनाथ सरांना समजावून सांगितले. ते हो हो म्हणाले. मग हावगेप्पाची नववीतली विजयश्री पुढे आली, वीतभर पोरगी, दोन वेण्या. मी तिच्या खांद्याकडे बघितले. तिने पायाने मारला.

त्यापुढचे मला फारसे दिसले नाही, कारण नाक आणि डोळे एकाच वेळी बधिर झाले होते. मेंढरू पायाने चेंडू मारत नाही, एवढाच माझ्या शास्त्रात दोष निघाला. गोल झाला, आणि गोल झाला की गोलकीपरनेच चेंडू आणायचा, असा इथला कायदा. म्हणून मी तुरीत. बांधावरून हावगेप्पा ओरडतोय, “ओ तुळजाराम, फूल झडायलंय, सरळ चाला!” चेंडू घेऊन आलो, परत उभा राहिलो, परत तिने मारला, परत तुरीत. पोरे आधी हसत होती. मग हसायची थांबली, आणि ते जास्त लागले. नागनाथ सर जवळ येऊन हळूच म्हणाले, “मामा, पुरे करायचं का?” का कोण जाणे, माझ्या तोंडून निघाले, “आणखी एक.” तो गेला. म्हटले, “आणखी एक.” तो पण गेला. शेवटी एकदा काय झाले, मी डावीकडे पडलो (झेप म्हणणे खोटे होईल) आणि चेंडू माझ्या गुडघ्याला लागून बाहेर गेला. पोरांनी जो गिलका केला! विजयश्रीच सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. मला उठता येत नव्हते, धुळीत पडल्या पडल्या रडायला येत होते आणि सुन्या, एवढा आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. (हे वाक्य मामीला फोनवर सांगायचे नाही.)

चारजणांनी उचलून मला ओसरीवर आणले. रेणुकाबाईने हळद लावता लावता जे काय ऐकवले ते पत्रात मावणार नाही. पण पडल्या पडल्या मला तुझे काम कळले. चेंडू अडवणे हा त्यातला सोपा भाग आहे. झालेला गोल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे जाऊन आणायचा आणि परत येऊन त्याच जागी, तसेच हात पसरून उभे राहायचे, हा अवघड. आम्ही बाकीचे लोक चुकलो की गर्दीत मिसळतो. पाऊस कमी पडला म्हणतो, बियाणे खराब होते म्हणतो. तुला तशी सोय नाही. ज्या पोराला विसाव्या वर्षी हे येते, त्याला हापिसात बसवून काय करणार? आणि बाकावर बसला म्हणून काय झाले? नागनाथ सर सांगतात, गोलकीपर उशिरा पिकतात. तूरही उशिरा येते, म्हणून कुणी मुगाबरोबर कापत नाही.

आता माझा निकाल. तुझ्या आईला शब्द दिला होता, तो पाळतो. सुनीलकुमार, सोडून दे. झाले सांगून, शब्द पुरा झाला. जावळाचा मामा इथे संपला. यापुढे गोलात उभा राहिलेला माणूस लिहितो आहे, आणि त्याचे म्हणणे असे की अजिबात सोडू नकोस. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावे, नोकऱ्या कुठे जात नाहीत, तुळजाराम गावात नोकरीविना बसलेली माणसे रोज बघतो तरी असे लिहितो. कळावे, लोभ आहेच, गुडघ्यासकट.

तुझा,
तुळजाराममामा

ता. क. – तुझी मामी विचारते की पुढच्या वर्षी नवस कसा बोलायचा. तू मोकळेपणाने सांग. मात्र पलीकडच्या गोलकीपरला सोडून बोलायला ती तयार नाही.

ता. क. दुसरा – तुझे जुने हातमोजे असतील तर मोठ्या मापाचे पाठव. तालुक्याला पालकांचा आणि मास्तरांचा सामना ठरला आहे, पालकांनी मला घेतले आहे. दुसरा गोलकीपर म्हणून. बाकावर बसायचे आहे, पण तयारीने बसतो.

ता. क. शेवटचा – जगदेवी, हा तुझ्यासाठी आहे, तरी मोठ्यानेच वाच. पोराने मला फोनवर सांगितले की प्रत्येक सामन्याला तू त्याला गाडीने सोडतेस, आणि संपेपर्यंत बाहेर गाडीत काचा वर करून बसतेस. आत एकदाही आली नाहीस. आपल्या लेकरावर कुणी चेंडू मारतोय हे बघवत नाही, ते मला कळते. तुझ्या वहिनीने त्यापायी दत्ताला साकडे घातले. पण त्याने अजून सही केली नाही ती नोकरीसाठी नव्हे. तो तुझ्यासाठी थांबला आहे. म्हणून आता खालची ओळ मी लिहिली आहे असे समजू नकोस. पोराकडे बघ आणि वाच.

“सुन्या, सही कर. पुढल्या बारीला मी गाडीतून उतरते.”