गैरहजर नव्हतीस

प्रिय ठमे,

पत्र बघून नाक मुरडशील, फोन आहे की म्हणशील. पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्यालाच भांडायला लागतो. आईचा गुडघा आता बरा आहे. तुझी खोली तिने आवरलेली नाही, मलाही हात लावू देत नाही.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक आमच्याच शाळेत होती. यादी समोर घेऊन बसायचं, येईल त्याच्या नावावर खूण करायची. खिडकीतून तू दिसत होतीस, फाटकाबाहेर, भर उन्हात, हातात पाटी: मत न देणं हेही माझं मत आहे. बारा ते पाच. मला रागही येत होता आणि तू पाणी प्यायलीस की नाही याची काळजीही वाटत होती. संध्याकाळी घरी मी नको ते बोललो. असं रुसून बसल्याने कुणाची खुर्ची हलत नाही, म्हणालो. तू बॅग भरलीस. अडवायला हवं होतं. मी पेपर वाचत बसलो.

पुढच्या आठवड्यात मत न दिलेल्यांची यादी माझ्याकडेच आली. प्रत्येक नावापुढे कारणाची खूण करायची. रकाने तीनच: मयत, स्थलांतरित, गैरहजर. तुझ्या नावाशी अडलो. एकतीस वर्षं मुलांची हजेरी घेतली गं मी. जी पाच तास माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, तिला गैरहजर कसं म्हणू? साहेबांना विचारलं, तर म्हणाले, मास्तर, डोकं चालवू नका, खूण करा. तुझ्या न देण्याला काही अर्थ होता की नव्हता, हे मला अजून ठरवता येत नाही. पण ते लिहून घेणारा मीच होतो आणि मला ते कुठेच लिहिता आलं नाही. घर सोडून गेलीच आहे, असं म्हणून मी स्थलांतरितवर खूण केली.

काल नवी यादी लागली. त्यात तुझं नाव नाही. माझ्या खुणेमुळे काढलं. आता मत न देण्याचाही हक्क तुला उरला नाही. चूक माझी, पण मला ती दुरुस्त करता येत नाही, अर्जावर तुझीच सही लागते. अर्ज सोबत पाठवतोय, वीस तारखेपर्यंत मुदत आहे. नाव, वय, आपल्या घरचा पत्ता, बाकी सगळं मी भरलंय. एकच जागा कोरी ठेवली आहे. अर्जदार याच पत्त्यावर राहते का, असं तिथे विचारलंय. होय लिहायचं की नाही, मला ठाऊक नाही.

तुझाच,
बाबा