वाळ्याच्या ताटीचा वारा

बा, मी तुमचा थोरला मुलगा. नाव तुम्हीच ठेवलेले असल्यामुळे येथे पुन्हा नोंदवीत नाही. वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी पास, व्यवसाय अकोटच्या कापसाच्या जिनात फिटर, आता निवृत्त, राहणार वलगाव. जे लिहीत आहे ते पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. घरी मी तुम्हाला अरेतुरे करीत असे, आपल्याकडे बापाशी तसेच बोलतात. परंतु कागदावर ते शोभत नाही, म्हणून तुम्ही म्हणतो. राग मानू नये.

या क्षणी मी अमरावतीत, जुन्या तटाच्या म्हणजे परकोटाच्या आत, त्याच हवेलीच्या एका खोलीत खुर्चीवर बसलो आहे, जिच्या दारांखिडक्यांवरच्या वाळ्याच्या ताट्या तुम्ही उन्हाळाभर बाहेरून भिजवीत होता. आता येथे श्रीमंत पाहुण्यांचे हॉटेल झाले आहे. खोल्या मोजक्याच, पण शिसवी पलंग, रंगीत काचांची तावदाने आणि संगमरवरी फरशी जशीच्या तशी ठेवलेली आहे. लोक लांबून येऊन जुन्या शहरात राहण्याचे सुख विकत घेतात. तुमच्या काळीही ते सुख येथे होतेच. हवेलीच्या मालकांनी पुढचा भाग मुंबईच्या कापूस खरेदीदारांना उतरण्यासाठी सजविला होता आणि वैशाखात गावभर झळा लागत असताना त्या खोल्यांतून ओल्या वाळ्याचा गार सुवास येत असे. तो गारवा तुमच्या हातचा होता. मात्र पाहुण्यांच्या पिण्याच्या माठाला हात लावण्याची तुम्हाला मनाई होती. माठ स्वयंपाकी महाराज भरीत, आणि तेही परसातल्या त्याच नळावर, जेथे मी तुमच्यासाठी बादल्या भरीत असे.

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. एके दुपारी तुम्ही बादली पालथी घातली आणि कडुनिंबाखाली जाऊन बसला. थोड्याच वेळात ताट्या वाळल्या. मुंबईचे पाहुणे बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "शेठ, ये कमरा है के भट्टी?" मालक धावत परसात आले.

"ताट्या काहून वाळून राहिल्या?"

तुम्ही उठून उभे राहिला. तेवढा मान तुम्ही नेहमीच देत होता. "मालक, आजपासून माठ बी मीच भरीन. नाही तं दोन्ही नाही."

"अबे, पाहुणे काय म्हनतीन?"

"पाहुणे सारा उन्हाळा माह्या हातच्या पान्याचा वारा खाऊन राहिले. वाऱ्यानं कोनी बाटलं नाही, मंग पानीच कसं बाटते?"

 मालकांनी महाराजांना ताट्या भिजविण्यास सांगितले. महाराज दोन पावले मागे सरले. ताटीचे काम तुमचे म्हणून ठरलेले, त्याला आपण हात लावल्यास सोवळे कसे राहणार, असे त्यांचे म्हणणे. माळ्यानेही तेच सांगितले. तुम्हाला माठापासून दूर ठेवता ठेवता त्या घराने ताटीचे काम इतके तुमचे करून टाकले होते की, आता दुसरा कोणी ते करावयास तयार नव्हता. तिकडे पाहुणे बिछाना बांधू लागले. अखेर मालकांनी स्वतः धोतर खोचले, बादली उचलली आणि सगळे पाणी एकदम ताटीवर फेकले. ताटी सुटून त्यांच्याच अंगावर आली. महाराज भिंतीकडे तोंड करून हसले. तुम्ही मात्र हसला नाही. पुढे होऊन ताटी उचललीत आणि नीट बांधलीत.

त्या रात्री आईने विचारले, "अन् मालकानं हाकलून देल्लं असतं तं? चूल काय वाऱ्यावर पेटवली असती?" तुम्ही म्हणालात, "नसतं देल्लं. त्याले लय गरम होऊन राहिलं होतं." आई हसली, पण पदराने डोळेही पुसले. पुढच्या सकाळी, आदल्या दुपारी धोतर भिजवून घेतलेले मालक खाली बघत म्हणाले, "जाय, भर माठ." आणि तुम्ही भरला. त्यानंतर कित्येक उन्हाळे तुम्हीच भरला. तथापि मागच्या दाराने. पुढच्या दाराने तुम्ही कधी आत आला नाही आणि तुम्ही आला नाही म्हणून मीही आलो नाही.

आज आलो. माझी नात, म्हणजे तुमची पणती, या हॉटेलची व्यवस्थापक आहे. पुढच्या दाराशी माझे पाय थांबले, तेव्हा ती म्हणाली, "काय झालं, आबाजी? मालकाची परवानगी पायजे का? मंग मीच देतो, या." खोलीत वाळ्याच्या ताट्या आहेत, पाहुण्यांना आवडतात म्हणून मुद्दाम लावलेल्या. वरून बारीक नळी आपोआप पाणी सोडते. कोणालाही उन्हात उभे राहावे लागत नाही, हे पाहून मला समाधान वाटले.

हे पत्र टाकावे कोठे, ते ठाऊक नाही. घडी करून खिशात ठेवीत आहे. एकच गोष्ट कबूल करतो. नळी व्यवस्थित चालू होती, ताटी पूर्ण ओली होती, काही एक गरज नव्हती. तरीही मी तांब्या घेऊन बाहेर गेलो आणि ताटीवर पाणी मारले. नंतर आत येऊन, डोळे मिटून, तो वारा घेत बसलो.

समक्ष हजर: माझी नात, जिने तांब्या भरून दिला. आणि तुम्ही. तुम्ही हजर नव्हता, हे मी मान्य करीत नाही.