ॲसिडवर चुना

शिरूर, ५ जाने. १९९९
शेजारचा रफीक भाजला. रांजणगावच्या कंपनीत थंडीनं ॲसिटिक ॲसिडचे कॅन थिजले होते. पाण्यात थेंबभर असलं की हेच व्हिनेगर. निखळ असलं की कातडं सोलतं. सुपरवायझरचं फर्मान : "झाकण राहू दे, वरून उकळतं पाणी ओत." ओतलं. झाकण उडालं. उजवा हात कोपरापर्यंत.

६ जाने.
इस्पितळ. रफीक म्हणतो, "आप्पा, आता वर्षभर आंबट लोनचं नको." हसलो दोघं. मग विचारलं, अंग धुवायचा शॉवर नव्हता का?
"व्हता की. त्याच्या नळाला सायबाची गाडी धुयाची नळी जोडल्याली."
शाबास!
पाणी नाही म्हणून जोडीदार नामदेवनं तंबाखूच्या डबीतला चुना काढून हातावर फासला. डॉक्टर कडाडले, "नुसतं पाणी हवं होतं, भरपूर! चुन्यानं आणखी खोल भाजलं."

८ जाने.
कं.चा रिपोर्ट : 'कामगारांनी परस्पर चुना लावल्याने इजा.' नळी, उकळतं पाणी, सुपरवायझर, तिन्हींचा लोप. व्याकरणातही इतक्या सफाईनं होत नाही. हरामखोर.
तो राग नामदेववर काढला. कुणी सांगितला होता चुना?
"तुमीच की, आप्पा. पेपरात लिवलं व्हतं, आंबटाला चुना मारतो. पाटसला साखर कारखान्यात उसाच्या रसात आमी चुनाच सोडायचो, म्हनून पटलं."
फाईल काढली. आहे. दिवाळीतला लेख. वर श्लोक, खाली ठळक अक्षरांत मी. अंगावर सांडलं तर आधी पाणी, याचा एक शब्द नाही. एवढी विद्वत्ता, आणि...

१० जाने.
बातमी लिहायला बसलो. चुन्यापाशी पेन अडतं. माझा लेख कबूल केला, तर कं. तोच फडकावणार. गाळला, तर मी आणि ते सारखेच. सौ. म्हणाली, "रफीकला विचारा. हात त्याचा आहे."

११ जाने., सोम.
पट्टी सोडली. अंगठा हलतो. बोटांचं डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. रफीकला लेखाचं सांगितलं. त्यानं अंगठा एकदा हलवून बघितला. मग : "लिवा. पर आधी नळीचं. तुमचं मागनं."
तसंच लिहून दुपारच्या एस.टी.नं पुण्याला पेपरच्या कचेरीत धाडलं. नळी पहिल्या वाक्यात, मी शेवटच्या.
जागा कमी पडली की आमचे संपादक बातमी शेवटाकडून कापतात. हे रफीकला बोललो नाही.