बोटीच्या बदल्यात चव्वेचाळीस

फ्लॅटविलो, मोंटाना
३ मार्च

प्रिय व्हर्लिन,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. थंडीनं मार्नाचा गुडघा कुरकुरतो आणि तीही कुरकुरते. दोघांत जास्त कोण, हे नवऱ्यानं न सांगितलेलं बरं. तुझ्या तब्येतीबद्दल तू अवाक्षर लिहिलेलं नाहीस. पण दोन पानं शिव्या लिहिता आल्या, त्याअर्थी हात तरी शाबूत आहे.

हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या बायकोच्या भावाला टपालानं उत्तर पाठवायची वेळ यावी, हे काय आपल्या वयाला शोभतं? पण तू फोन उचलत नाहीस, आणि मी आलो तर फाटकाला साखळी. वर पत्राची नक्कल आपल्या नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी गेलन याला पाठवलीस. का, तर नियम! ‘अदलाबदलीची तक्रार लेखीच हवी.’ अरे, तो नियम बिअर पिऊन भांडणाऱ्यांसाठी केला होता. लिहायला बसले की निम्मे झोपी जातात, म्हणून. तू शुद्धीत बसून त्याचा फायदा घेशील, हे कुणाच्या डोक्यात आलं असतं?

तर मुद्द्यावर येतो. तुझं म्हणणं असं की जानेवारीत मी माझी मासेमारीची बोट तुझ्या गळ्यात मारली आणि बदल्यात तुझं चव्वेचाळीसचं रिव्हॉल्व्हर उचलून नेलं. तेच, लांब नळीचं, अक्रोडाच्या मुठीचं, ज्यानं तू स्पर्धेत पार त्या टोकाचे निशाणाचे लोखंडी मेंढे आडवे करतोस आणि आम्ही बाकीचे मेंढ्यांमागच्या टेकडीला भोकं पाडत बसतो. बोट परत ने, रिव्हॉल्व्हर परत दे, असा तुझा हुकूम.

व्हर्लिन, आपण हात मिळवला होता. आपल्या लोकांत हात मिळवला की सौदा संपला. हे मला कुणी शिकवलं? माझं नवीन लग्न झालेलं असताना तू मला चिरलेल्या मुठीचं पंचेचाळीस दिलंस. मी दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून आलो, तर दारातूनच म्हणालास, “काल डोळे घरी विसरला होतास का रे?” आणि दार लावलंस. मी निमूट परत गेलो. आता निमूट जायची पाळी तुझी.

शिवाय माझी तिजोरी सध्या उघडत नाही. कुलूप अडकलंय. कुलूपवाला लुइसटाउनहून यायचा आहे, आणि रस्त्याची अवस्था तुला ठाऊक आहे.

मेंढ्यांची स्पर्धा मे महिन्यात आहे. या वर्षी नुसता बघायला ये. पडलेले मेंढे उभे करायला माणूस हवाच असतो.

लोभ उरला असेल तेवढा असू दे,
ऑरिन


२४ मार्च

प्रिय व्हर्लिन,

कुलूपवाल्याला फोन करून खात्री करून घेतलीस, हे वाचून कौतुक वाटलं. एवढी चौकशी तुझ्या बायकोच्या, जोलीनच्या बाबतीत केली असतीस, तर ती कुत्र्यासकट स्पोकेनला निघून जाणार हे तुला ती गेल्यानंतर कुत्र्याचं भांडं दिसेना तेव्हा नसतं कळलं. हे लिहायला नको होतं. पण खोडणार नाही. खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशील.

बरं. तिजोरी उघडते. सुरेख उघडते. तुझं रिव्हॉल्व्हर आत आहे, तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. मी त्यातून एकही गोळी झाडलेली नाही. चोर मालाची इतकी काळजी घेत नाहीत, हे गेलनला कळव.

हो, ‘चोर’ हा शब्द माझ्यापर्यंत आला. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, पॅनकेकच्या नाश्त्याला, तू उभा राहून बोललास म्हणे. तुझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल, सिरपची बाटली हातात धरून. त्याचा परिणाम कसा झाला तेही ऐक. शनिवारी जत्रेच्या मैदानातल्या हॉलमध्ये शस्त्रांचा बाजार होता. मी नेहमीसारखं टेबल मांडलं. लोक माझ्या टेबलापुढून असे जात होते, जसे काही मी शिळे मासे विकायला आणलेत. वायोमिंगचा तो दाढीवाला, जो दर वर्षी माझ्याकडच्या एका तरी जुन्या रिव्हॉल्व्हरची चक्री उजेडाकडे धरून नाक मुरडतो, त्यानं नाकसुद्धा मुरडलं नाही. मी दिवसभर स्वतःचाच माल पुसत बसलो.

संध्याकाळी गेलन आला. चेहरा न्यायाधीशाचा, हातात हॉटडॉग.

“ऑरिन, देऊन टाक ना त्याला. एका रिव्हॉल्व्हरपायी कशाला बोलणी खातोस?”

मी म्हणालो, “आधी तू त्याचं पंचेचाळीस परत कर. डिसेंबरात त्याला विजेचं पांघरूण देऊन घेऊन गेलास ते. वापरलेलं पांघरूण.”

त्याच्या घशात घास अडकला. “ते वेगळं होतं. व्हर्लिन आपण होऊन म्हणाला, ‘ने, तुला आवडतं ना.’ मी काय नको म्हणू?”

“हो. नकोच म्हणायचं होतंस,” मी म्हणालो, आणि पुढे बोलायचं होतं ते गिळलं. आपल्या क्लबात कुणी काही आपण होऊन देत नाही, एवढं त्या माणसाला सेक्रेटरी असून कळू नये!

पण ते जाऊ दे.

मार्ना रविवारी जेवणाचं कॅसरोल घेऊन तुझ्याकडे आली, तेव्हा तू तिला विचारलंस, “ऑरिनला झालंय तरी काय?” ती म्हणे सिंककडे तोंड करून भांडं घासत राहिली. तू तिला म्हणालास, “ताई, ते भांडं स्वच्छ आहे.” घरी आल्यावर ती माझ्यावर चिडली. म्हणाली, “तुम्हा पुरुषांना तोंड नुसतं भाव करायलाच दिलंय का?”

आमच्यात कोण कुणावर का चिडलंय, हे आता मलाही नीट सांगता येत नाही. पण रिव्हॉल्व्हर मिळणार नाही. कारण विचारू नकोस.

ऑरिन


१४ एप्रिल

प्रिय व्हर्लिन,

काल तुझं तिसरं पत्र आलं. चार पानं, आणि सगळी बोटीवर. बर्फ वितळलं तसं तू ताडपत्री उचलून आत बघितलंस म्हणतोस. तळाला ठिगळ आहे. पंप मेलेला आहे. मागच्या बाकाखाली उंदरांनी घर केलंय आणि ‘तीन पिढ्या नांदून गेल्याचा पुरावा आहे’. वल्ह्यांतलं एक दुसऱ्यापेक्षा आखूड आहे. ट्रेलरची चाकं दोन वेगळ्या जातीची. शेवटी लिहितोस, ‘या बोटीच्या बदल्यात चव्वेचाळीस तर सोड, चव्वेचाळीसचं रिकामं खोकंही देऊ नये, फार तर उंदरांचं भाडं म्हणून चार काडतुसं.’

हे मी नाश्त्याला मार्नाला मोठ्यानं वाचून दाखवत होतो, दातओठ खात. वल्ह्यापाशी आलो तर ती रडायला लागली. मी म्हणालो, “अगं, मला शिव्या देतोय तो, तुला नाही.” ती म्हणाली, “ऑरिन, तो भाव करतोय. ऐकू येत नाही का तुला? तो भाव करतोय!”

मग मी पुढचं वाचू शकलो नाही. तिनं वाचलं.

तेव्हा आता सांगतो. तोंडावर मला जमणार नाही. आपल्याकडे माणूस माणसाला ‘तू बरा आहेस ना’ असं विचारत नाही. ‘गाडीचं तेल बदललंस का’ विचारतो. डिसेंबरात मी तुला ते दोनदा विचारलं. तू दोन्ही वेळा हो म्हणालास. माझा प्रश्न तेलाचा नव्हता.

डिसेंबरातल्या पॅनकेकच्या नाश्त्याला तू आपली रिव्हॉल्व्हरं वाटलीस. वाटलीस म्हणजे अदलाबदल केलीस, पण कशाशी? गेलनचं पांघरूण. दुसऱ्या एकाकडून बर्फातल्या चाकांच्या साखळ्या, त्याही गंजक्या. सगळे खूश. गाडीपाशी एकमेकांना माल दाखवत होते. “म्हातारा मऊ झाला रे!” “जोलीन गेली आणि देवमाणूस झाला.” मुठीचे दोन स्क्रू मूळचे नाहीत म्हणून अख्खा दिवस वाद घालणारा तू. चक्रीच्या फटीत नख घालून बघितल्याशिवाय आईकडूनही काही घेणार नाहीस. त्या तुला हे सगळे हसत हसत लुटून नेत होते, आणि तूही हसत होतास. ते हसणं मला आवडलं नाही.

घरात तुझ्याजवळ एकच उरलं होतं.

म्हणून मी बोट आणली. मुद्दाम वाईटातली वाईट गोष्ट निवडली. म्हटलं, जानेवारीत, नदी गोठलेली असताना, उंदीर लागलेली बोट घेऊन जातो. व्हर्लिन मला दारातून हाकलून देईल, सात पिढ्यांचा उद्धार करील, आणि मी सुखानं घरी येऊन मार्नाला सांगीन की तुझा भाऊ ठणठणीत आहे, उगाच रात्रीची झोप घालवू नकोस. मला सौदा नकोच होता, व्हर्लिन. मला नकार हवा होता.

तू पायरीवर उभा होतास, त्या थंडीत कोट न घालता. मी म्हणालो, “ही बोट घे, चव्वेचाळीस दे.” तू ताडपत्रीसुद्धा उचलली नाहीस. म्हणालास, “चालेल.” आत गेलास, घेऊन आलास, मूठ माझ्याकडे करून दिलंस. हात मिळवलास. तुझा हात गार होता. म्हणालास, “मार्नाला सांभाळ.”

तिला मी तीस वर्षं सांभाळतोय. हे सांगायचं तुला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

परत येताना मला गाडी चालवता येईना. रस्त्यातल्या गुरं अडवायच्या जाळीपाशी थांबून राहिलो. मला वाटलं होतं की तू जीव देशील. हे बघ, लिहिलं. इतके दिवस चोर म्हणवून घेतलं, कारण गेलनला खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या हॉलला कळलं असतं, आणि तू तिथे परत पाय ठेवला नसतास. चोराचा मेहुणा म्हणून तुला तिथे अजून ताठ मानेनं बसता येतं. मला नाही बसता येत, पण मला ते पॅनकेक तसेही आवडत नाहीत.

मी चुकलो असेन. तसं असेल तर खुशाल हस. क्लबात उभा राहून सांग की ऑरिन घाबरट म्हातारी आहे. मी उठून टाळ्या वाजवीन.

पण चुकलो नसेन तर ऐक. बिलिंग्जला तू ज्या डॉक्टरीणबाईंकडे जातोस (मार्नानं मला सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस), त्यांना विचार. त्या काय म्हणतात ते मार्नाला सांग. आणि मग एकदा माझ्यासमोर बस आणि खरं काय ते बोल. वाईट असेल तर वाईट. मी मध्ये तोंड घालणार नाही, विनोद करणार नाही, जमेल तेवढा. तोवर ते माझ्या तिजोरीत राहील. तुझंच म्हणून राहील. मे महिन्यात ते घेऊन मी मैदानावर येईन. तू मेंढे पाड, मी शेजारी उभा राहीन, आणि संध्याकाळी ते माझ्याबरोबर परत येईल. हे तुला मान्य होणार नाही, माहीत आहे. क्लबाकडे तक्रार कर. लेखी.

रागाच्या भरात तू हे पत्र फाडशील म्हणून मार्नानं दुसरी प्रत ठेवली आहे. तीही फाडलीस तर मी पुन्हा लिहीन. अक्षर खराब आहे, पण कागद भरपूर आहे.

फाटकाची साखळी काढ. मी उद्या दुपारी येतोय. भांडायचं असेल तर समोरासमोर भांड; वल्ह्यापासून सुरुवात केलीस तरी चालेल, सगळं ऐकून घेईन.

तू जिवंत असेपर्यंत तुझा वैरी व्हायला तयार असलेला,
ऑरिन