चंदूच्या जागी बगळा

डोंबिवली, ११ फेब्रुवारी १९९९

ती. मनुताईस,

धाकट्या दौलतचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढा).

सकाळपासून कानात तुझ्या पत्र्याच्या दप्तरपेटीचा ठेका वाजतोय. शाळेच्या वाटेवर तू ती बडवत कविता म्हणायचीस आणि मी मागून ओरडायचो, शेवटचं कडवं हटकून चुकवत. कुठे गेली ती वाट! असो. खडवलीची हवा कशी आहे? चंदूची कावीळ उतरली ना? त्याला म्हणावं, तुझ्या कॉम्प्युटर क्लासची काळजी करू नकोस, मामा बसलाय. (काळजी मामाचीच करायची होती, ते पुढे कळेल.)

क्लासात सर्व्हर नावाचं एक यंत्र आहे. त्यात चंदूने पायथन नावाच्या भाषेत लिहिलेले दोन कार्यक्रम शेजारी शेजारी नांदतात. एक रखमाबाईंच्या वधू-वर मंडळाचा, दुसरा मी चौथीच्या पोरांसाठी रचलेल्या कवितांचा. टेलिफोनच्या तारेवरून पाहुणा आला की त्याला कुठे धाडायचं, हे एका फायलीत लिहिलेलं असतं; शाळेचा शिपाई पालकांना वर्ग दाखवायचा ना, तसं. मी सहज फाईल उघडली तर मंडळ वर आणि कविता खाली! ताई, चाळीस वर्षं माझा दिवस कवितेने सुरू झाला. मला बघवेना. कविता वर घेतली.

चार दिवस काही बिघडलं नाही. सोमवारी वीज गेली, आली, मी यंत्र पुन्हा चालू केलं आणि गोंधळ उडाला. लोकांच्या घरची जुनी ब्राउझरं आपण कुणाकडे आलोय हे सांगतच नाहीत म्हणे, आणि असल्या मुक्या पाहुण्याला सर्व्हर फायलीतल्या पहिल्या दारात सोडतो. आता तू माझ्या मागे लागून चंदूची माहिती मंडळात घालायला लावलीस. तीन स्थळांनी ती घरच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिघांनाही माझी बगळ्याची कविता दिसली. कल्याणच्या दामाजींनी रखमाबाईंना फोन केला, मुलगा एका पायावर का उभा राहतो आणि दिवसभर खाडीत काय करतो? दुसरे म्हणाले, मासे खातो ते चालेल, पण अख्खे गिळतो? तिसऱ्यांनी तर काही कळवलंच नाही.

रखमाबाई तणतणत आल्या. "गुरुजी, मी मुली गोळा करते नि तुम्ही बगळे सोडता! उद्यापर्यंत हे निस्तरा, नाहीतर चंदूचं नाव काढलंच समजा." मी मंडळ पुन्हा वर नेलं. तीनदा उघडून पाहिलं, वरच आहे. तरी बगळा हलत नाही. (कविता टिकाऊ निघाली, एवढंच समाधान.)

मुलांना आशीर्वाद. प्रकृतीस जप.

तुझा,
दौलत

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की चंदूला आणखी आठ दिवस तिथेच अडकवून ठेव. डोळे अजून पिवळे दिसतात म्हण. मी सांगितलं तर आरसा बघेल, तुझं ऐकेल.

आणखी एक ता. क. वरचं सगळं खोड. पाकीट चिकटवत होतो तोच दार वाजलं. मोहने गावची शेवंती, ते तिसरं स्थळ, बाप-काका कुणी नाही, एकटीच उभी! म्हणते, "तीनदा ह्यांची माहिती उघडली, तीनदा बगळा. म्हटलं, बघून तरी येऊ कोण आहे." चंदूला पहिल्या गाडीने पाठव. ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा, आणि मला विचारते आहे, "आजोबा, फाईल बदलल्यावर सर्व्हर पुन्हा चालू केलात का?"