उस्ताद, तुम्ही बसवलेला पाटा

उस्ताद,

गाडी अजून माझ्याकडंच आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा गाडीची खुशाली विचारायचात आणि मग माणसांची. निळा रंग आता बऱ्याच ठिकाणी गेलाय, डावं दार अजून सुतळीनंच बांधते, आणि दुसरा गिअर हातानं दाबून धरला नाही तर अजूनही निसटतो. दर सोमवारी देवाचं झालं की मी ती चालू करते आणि जळकोटच्या वेशीपर्यंत नेऊन आणते. लेक म्हणते, "आई, भंगारवाला तरी घेईल का नाही ठाऊक न्हाई, देऊन टाक." मी ऐकल्यासारखं करते.

तुमच्याकडं मी पहिल्यांदा आले तो दिवस मला लख्ख आठवतो. मालकांना जाऊन चार महिने झाले होते. आमचं किराणा आणि सरकीचं दुकान, त्यासाठी त्यांनी सरकारी लिलावातून एक जुनी जीप घेतली होती, मागचा भाग कापून हौदा बसवलेली. ते गेल्यावर थोरले दीर म्हणाले, ही विकून टाकू, बाईमाणसाला काय करायची. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वांनी किल्ली माझ्या पदरात टाकली. मग मी गावातल्या एका ड्रायव्हरला विनवून गाडी उदगीरला आणली, बिदर रस्त्याला तुमच्या शेडात. तुम्ही एका ट्रकखाली झोपला होता, नुसते पाय दिसत होते. मी पायांनाच सांगितलं, "मला ही चालवायला शिकवा, आणि दुरुस्त करायला बी." पाय हलले नाहीत. खालून आवाज आला, "घरचे कोन मानूस न्हाई का, बाई?" मी म्हटलं, "मीच हाय घरचं मानूस." तेव्हा तुम्ही बाहेर आलात.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. तुमच्या शेडात हात धुवायलाही पाणी नव्हतं, तुम्ही रॉकेलनं हात धुऊन लाकडाच्या भुशात पुसायचात. गिऱ्हाइकानं रेडिएटरचं पाणी घरून आणायचं असा तुमचा नियम होता, मी कळशी घेऊन यायची. आठवड्यातून दोनदा, सकाळच्या एस.टी.नं. पहिला महिनाभर तुम्ही मला चाकाला हात लावू दिला नाही. बॉनेट उघडून उभं करायचात आणि म्हणायचात, "ऐका." मी ऐकायची. मला सगळा एकच खडखडाट वाटायचा. मग हळूहळू त्यातला पंख्याचा पट्टा कळायला लागला, मग व्हॉल्व्ह. एक दिवस मी म्हटलं, "उस्ताद, तिसऱ्या प्लगचं काहीतरी बिनसलंय," आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडं बघितलंत. त्या दिवसापासून तुम्ही मला बाई म्हणायचं सोडून बेटी म्हणायला लागलात.

सेल्फ स्टार्टर तर कधीच चालायचा नाही, पुढून हँडल मारूनच गाडी उठायची. पुरुषाच्या मापाचं ते लोखंडी हँडल मला झेपेना, म्हणून तुम्ही ते कापून, पुन्हा वाकवून, धरायच्या जागी कापडाची पट्टी गुंडाळून दिलंत. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, बेटी. विळखा घालू नको. इंजन उलटं मारलं तर अंगठा जातो." स्वतःचा वाकडा अंगठा दाखवलात. ते हँडल ही तुमच्याकडून मिळालेली एकच वस्तू, आणि आजही मी अंगठा तसाच ठेवते, सांडशी धरतानासुद्धा.

आणि बोलणी? दसऱ्याला मी गाडी घासूनपुसून, झेंडूची माळ घालून आणली. तुम्ही माळ बाजूला सारून बॉनेट उघडलंत, तेलाची पट्टी ओढलीत, कोरडी. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "रंग पुसत बसली आन् तेल बगितलं न्हाई. मालकानं ठेवलेली चीज अशी जाळतात का?" मला इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर डोळे पुसत गाडी चालवली. त्यानंतर आजवर तेल न बघता मी गाडीला हात लावलेला नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. आधी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, दिवस मोडायचा. लायसन्सला आपण लातूरला गेलो तेव्हा कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, पाटीचा रंग ओला, खुर्च्या अजून यायच्या होत्या, साहेब एका लाकडी खोक्यावर बसून सह्या करत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "चालवणार कोण?" मी किल्ली दाखवली. आवारात फेरी मारायला सांगितलं. आता आपल्या गाडीची खोड अशी, स्टिअरिंग उजवीकडं वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. दोन महिने तुम्ही ती तार शोधत होता. मी उजवीकडं वळले आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. सगळी कचेरी बाहेर आली. कारकून, शिपाई, कागदाला आलेले शेतकरी, सगळे हसताहेत. मी घामानं भिजले, पण गाडी बंद पडू दिली नाही, गिअर दाबून धरून गोल पुरा केला. साहेब हसत हसतच म्हणाले, "हॉर्न देता, हे चांगलंय." आणि सही केली. बाहेर आल्यावर तुम्ही रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसलात. तुम्हाला तसं हसताना मी त्या एकदाच पाहिलं.

इथवरचं लिहायला सोपं गेलं. पुढचं लिहायचं म्हणून तर कागद घेतलाय.

उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं मला तांड्यावर पाणी पोचवायचं काम दिलं. पाझर तलावाखालच्या विहिरीतून लोखंडी पिंपं भरायची आणि टेकडीवरच्या तांड्यावर न्यायची. तुम्ही हौदा तपासून, मागच्या चाकावरचे, भार पेलणारे स्प्रिंगचे पोलादी पाटे हातानं चाचपून सांगितलंत, "चार पिंपं. पाचवं न्हाई. ही म्हातारी हाय." मी हो म्हटलं. महिनाभर चारच नेली. पण थोरल्या दिरांनी अट घातली होती, दिवेलागणीच्या आत गाडी दारात दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आणून विकणार. आणि तांड्यावर घरं वाढली होती, खालच्या वस्तीची माणसंही तिथंच येऊन राहिली होती. चार पिंपांत भागेना. तिसरी खेप केली तर अंधार व्हायचा. एका संध्याकाळी एक बाळंतीण रिकामी कळशी घेऊन शेवटी उभी राहिली आणि तिच्यापर्यंत पाणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी सहा पिंपं चढवली.

चढावर मागून कडाड आवाज आला आणि गाडी एका अंगावर बसली. मुख्य पाटा तुटला होता. पाणी उतरवून तांड्यावरच्या माणसांनी डोक्यावरून नेलं, वाया नाही गेलं. गाडी बैलांनी ओढून उजेडातच गावात आणली. तुम्ही दुसऱ्या दिवशी सामान घेऊन एस.टी.नं आमच्या दारात आलात. गाडीखाली शिरलात, बराच वेळ तुटलेली जागा बघत राहिलात. मग विचारलंत, "किती होते, बेटी?"

दारात थोरले दीर उभे होते. मी म्हटलं, "चारच."

तुम्ही पुन्हा एकदा बघितलंत, पाट्याकडं, माझ्याकडं नाही. "मग माझ्याच हातनं कच्चं ऱ्हायलं आसंल," म्हणालात. "मागच्या महिन्यात मीच आवळलं होतं." दीर म्हणाले, "म्हातारे झालात मिस्त्री, हात गेला तुमचा." मोठ्यानं म्हणाले, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं. अव्वा आतून बाहेर आल्या, माझ्याकडं बघून परत आत गेल्या. आणि मी तिथं उभी होते, उस्ताद. एक शब्द बोलायचा होता. सहा म्हटलं तर गाडी जाईल, तांड्याचं पाणी जाईल, असं मनाला सांगत उभी राहिले. तुम्ही दिवसभर उन्हात नवा पाटा बसवलात. जेवायला आत बोलावलं तर आला नाहीत, चहा तेवढा घेतलात.

त्यानंतर मी शेडात आले तेव्हा एक ट्रकवाला पाटे घेऊन आला होता. तुम्ही त्याला दुसऱ्या मिस्त्रीचा पत्ता दिलात. "पाट्याचं काम मी सोडलं," म्हणालात, साध्या आवाजात, मी बाजूलाच उभी असताना. त्या दिवशी सांगता आलं असतं. त्यापुढच्या प्रत्येक फेरीला सांगता आलं असतं. पुढच्या पावसाळ्याआधीच तुम्ही गेलात. मी मयतीला आले, पुरुषांच्या मागे लांब उभी राहिले.

गेल्या आठवड्यात गाडी नांदेडला नेली, ब्रेकसाठी. तिथला मिस्त्री, नातवाच्या वयाचा, खालून ओरडला, "आजी, हा पाटा कुणी बसवलाय? एक बोल्ट हललेला न्हाई. असं काम आता कोन करतंय?" मी तुमचं नाव सांगितलं. त्यानं ऐकलं नव्हतं.

तुमचा धाकटा मुलगा हैदराबादला असतो. पत्ता मी मागवून घेतलाय, पाकिटावर तिकीटही लावलंय. त्यानं हे वाचावं, घरात वाचून दाखवावं की त्याच्या बापाचा हात गेला नव्हता. पण वडील पाट्याचं काम सोडून शेडात नुसते बसून राहायचे ते त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. तो मला अजून आपा, मोठी बहीण, म्हणतो, ईदला फोन करतो. हे वाचल्यावर करणार नाही.

पिंपं सहा होती, उस्ताद. पत्र पेटीत टाकायचं धाडस मला आजही होत नाही.